सॅक पाठीवर टाकून सबाह: बोर्निओचे जंगल आणि सिपादानचा समुद्र यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोर्निओ बेटाच्या उत्तर टोकाला मलेशियाचे सबाह हे राज्य आहे. एकाच प्रवासात उष्णकटिबंधीय जंगलातले प्राणी पाहायचे आणि प्रवाळाच्या भिंतीवर स्कुबा डायव्हिंगही करायचे, अशी ज्यांची इच्छा असते त्यांचे प्रश्न बहुधा सारखेच असतात. ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे स्वतःच्या प्रवासावर आधारलेली आहेत आणि काही ठिकाणी त्यांत ठाम मत आहे.

सबाहच का? अंदमान किंवा थायलंड का नाही?

अंदमानात समुद्र उत्तम आहे, पण मोठे सस्तन प्राणी जवळजवळ नाहीत. थायलंडात दोन्ही गोष्टी आहेत, परंतु जंगल आणि डायव्हिंगची ठिकाणे एकमेकांपासून फार लांब आहेत. सबाहमध्ये सांदाकानपासून सेम्पोर्नापर्यंतच्या एकाच रस्त्यावर, पाच-सहा तासांच्या अंतरात, ओरांगउटान, हत्ती, लांब नाकाची माकडे, आठ जातींचे धनेश आणि त्यानंतर डायव्हिंगसाठी प्रसिद्ध असलेले सिपादान बेट अशी रांग लागते. मागे फिरावे लागत नाही. सॅक घेऊन सार्वजनिक वाहनांनी हिंडणाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

किती दिवस हवेत आणि कोणत्या क्रमाने फिरावे?

मुंबईहून निघून परत येईपर्यंत सोळा दिवस धरावेत. दहा दिवसांत सर्व काही बसवणारी वेळापत्रके मी पाहिली आहेत. त्यांत माणूस जंगलापेक्षा बसमध्ये अधिक वेळ असतो. दिवस कमी असतील तर ठिकाणे कमी करावीत, प्रत्येक ठिकाणचे दिवस कापू नयेत.

क्रमाबाबत मात्र तडजोड नसावी: जंगल आधी, समुद्र नंतर आणि समुद्रानंतर एक कोरडा दिवस, म्हणजे डाइव्ह न करण्याचा. कोता किनाबालू या राजधानीत उतरावे, तेथून विमानाने पाऊण-एक तासात किंवा बसने सहा-सात तासांत सांदाकानला जावे, ओरांगउटानांचे केंद्र असलेल्या सेपिलोकमध्ये दोन रात्री, किनाबातांगान नदीवर दोन-तीन रात्री, जमल्यास लाहाद दातूमार्गे दानुम खोऱ्यात दोन रात्री आणि शेवटी सेम्पोर्ना व माबुल बेटावर चार-पाच दिवस राहून तावाऊच्या विमानतळावरून परतीचे विमान धरावे.

या क्रमामागे शरीरशास्त्र आहे. डायव्हिंगमध्ये दाबाखालची हवा श्वासात घेतल्याने रक्तात आणि ऊतींमध्ये नायट्रोजन विरघळतो व पाण्याबाहेर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. हे होण्याआधीच आपण कमी दाबाच्या जागी, म्हणजे विमानात किंवा डोंगरावर गेलो, तर त्या वायूचे बुडबुडे होऊन सांध्यांना, मज्जारज्जूला, प्रसंगी मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास उड्डाण टाळावे, असा संकेत आहे. मी पूर्ण २४ तास ठेवतो.

विमानाचे बहुतेकांना ठाऊक असते, रस्त्याचे नसते. सेम्पोर्नाहून कोता किनाबालूला जाणाऱ्या बसगाड्या रानाऊ आणि कुंदासांगवरून, किनाबालू राष्ट्रीय उद्यानाच्या दारावरून जातात आणि ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंच आहे. दुपारी तिसरी डाइव्ह संपवून संध्याकाळी स्वस्त रात्रीची बस पकडणे म्हणजे महाबळेश्वरापेक्षाही उंच घाट चढणे होय. ज्यांना ४,०९५ मीटर उंचीचा किनाबालू पर्वत चढायचा आहे, त्यांनी तो प्रवासाच्या आरंभीच चढून घ्यावा.

कोणता काळ चांगला?

एप्रिल ते सप्टेंबर. आपल्याकडे पावसाळ्यात मालवणचा समुद्र खवळलेला असतो आणि तेथील डायव्हिंग बंद असते, तेव्हाही सिपादानभोवतीचा सेलेबिस समुद्र शांत असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा काळ असून त्यात किनाबातांगानला पूर येऊ शकतो. विषुववृत्ताजवळच्या या भागात पाऊस मात्र बारा महिने धरूनच चालावे.

व्हिसा लागतो का?

१ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टधारकांना ३० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी मलेशियाने व्हिसा माफ केला आणि ही सवलत पुढे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. तिकीट काढण्यापूर्वी ती चालू असल्याची खात्री करून घ्यावी. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असावी.

सबाहला स्वतःचे वेगळे इमिग्रेशन आहे. क्वालालंपूरला शिक्का बसला असला तरी कोता किनाबालू किंवा तावाऊला उतरल्यावर पुन्हा पासपोर्ट दाखवावा लागतो. देशांतर्गत विमान आहे म्हणून पासपोर्ट सॅकच्या तळाशी टाकून ती सामानात देऊन टाकू नये.

आम्ही तारकर्लीला स्कुबा केले आहे. तेवढ्यावर सिपादानला जाता येईल का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

मालवण, तारकर्ली किंवा गोव्यात पर्यटक जे करतात ती चाचणी-डाइव्ह असते. प्रशिक्षक आपला हात किंवा टाकीची वरची बाजू धरून काही मीटर खोलीवर नेतो, आपली उंची-खोली तोच सांभाळतो, हवेचा काटाही तोच पाहतो. पाण्याखालच्या जगाची ओळख म्हणून हा अनुभव मोलाचा आहे. माझी सुरुवात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूच्या खडकांवर अशीच झाली. पण त्यात प्रमाणपत्र मिळत नाही, कारण आपण तेथे स्वतः काहीच केलेले नसते.

पहिली खरी पायरी म्हणजे ओपन वॉटर हा अभ्यासक्रम. त्याला साधारण तीन ते चार दिवस लागतात. त्यात मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने बाहेर काढणे, तोंडातून सुटलेले रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारे उपकरण) शोधून परत लावणे, सोबत्याची हवा संपली तर त्याला आपली हवा देणे आणि न बुडता, न वर जाता पाण्यात अधांतरी राहणे या गोष्टी आधी उथळ पाण्यात व मग समुद्रात शिकवल्या जातात. या प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत उतरता येते. पुढचा ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर हा अभ्यासक्रम दोन दिवसांत होतो आणि तो ३० मीटरपर्यंतची मुभा देतो. सिपादानसाठी आता ॲडव्हान्स्डच मागितले जाते, आणि ते योग्य आहे. तेथे प्रवाह जोरदार असतात व भिंतीखाली शेकडो मीटर निळे पाणी असते, त्यामुळे पायाखाली तळ आहे या भरवशावर शिकलेला नवखा डायव्हर तेथे नकळत खोल जाऊ शकतो.

माझा सल्ला असा की ओपन वॉटर भारतातच करावे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची तारकर्लीची स्कुबा संस्था आहे, कर्नाटकात मुर्डेश्वरजवळचे नेत्राणी बेट आहे आणि अंदमानात तर पाणी अधिक स्वच्छ आहे. आपल्या भाषेत किंवा निदान हिंदीत प्रश्न विचारता येतात आणि सबाहमधले महागडे दिवस पुस्तकी धड्यांत जात नाहीत. ॲडव्हान्स्ड मग माबुलला करावे. शिकता शिकताच तेथे बरेच काही दिसते.

अभ्यासक्रम होऊन वर्षभरापेक्षा अधिक काळ लोटला असेल, तर पहिल्या दिवशी उजळणीची डाइव्ह मागून घ्यावी. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पोहता येत नाही, चष्मा आहे, लहानपणी दमा होता. तरी चालेल का?

चाचणी-डाइव्हला पोहता आले नाही तरी चालते, ओपन वॉटरला मात्र न थांबता २०० मीटर पोहावे लागते, किंवा मास्क, स्नॉर्केल व फिन्स लावून ३०० मीटर, आणि त्याशिवाय दहा मिनिटे पाण्यावर तरंगून दाखवावे लागते. वेळेची अट नसते. जूनमध्ये जायचे असेल तर जानेवारीत जवळच्या तलावावर नाव घालावे.

चष्म्याच्या नंबरचा मास्क मिळतो. दमा, मधुमेह, अपस्मार, हृदयविकार, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल, तर वैद्यकीय प्रश्नावलीत ते खरे लिहावे आणि निघण्यापूर्वी भारतातच डॉक्टरांचे लेखी मत घ्यावे. सेम्पोर्नाच्या धक्क्यावर, बोट सुटायला दहा मिनिटे असताना, तो कागद पहिल्यांदा वाचून सर्व ठिकाणी ‘नाही’ लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. तो कागद दुकानाच्या कायदेशीर सोयीसाठी असतो, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यातला प्रत्येक प्रश्न कुणाच्या तरी अपघातातून आलेला असतो. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरू नये, कारण कान मोकळे झाले नाहीत तर पडद्याला इजा होते.

सिपादानचे परमिट कसे मिळते?

सिपादान बेटावर रोज ठरावीक संख्येनेच डायव्हर सोडले जातात. वर्षानुवर्षे हा आकडा १२० होता, नंतर तो वाढवण्यात आला, तरी मर्यादा अजून आहेच. परमिट सबाह पार्क्स या राज्याच्या उद्यान-संस्थेकडून नोंदणीकृत डायव्हिंग केंद्रांना मिळते, आपल्याला थेट मिळत नाही. त्यामुळे परमिट कोणत्या तारखेचे आहे हे आगाऊ लेखी घ्यावे. ‘तीन दिवस राहा, एक दिवस सिपादान देऊ’ असे तोंडी आश्वासन मलाही एका केंद्राने दिले होते. तिसऱ्या दिवशी यादीत माझे नाव नव्हते, आणि तो दिवस मी धक्क्यावर बसून काढला. दुसऱ्या खेपेला चार महिने आधी पत्रव्यवहार केला व तारीख हातात आल्यावरच विमानाचे तिकीट काढले.

बेटावर मुक्काम करता येत नाही. तेथील सर्व रिसॉर्ट २००४ च्या अखेरीस हलवण्यात आले. राहण्याची सोय माबुल, कापालाई किंवा सेम्पोर्ना गावात होते.

एवढी यातायात करण्यासारखे तेथे आहे तरी काय?

सिपादान हे मुख्य भूमीच्या उथळ पाण्यात उभे असलेले बेट नाही. मृत ज्वालामुखीच्या शंकूवर हजारो वर्षे प्रवाळ वाढत गेले आणि समुद्रतळापासून सुमारे ६०० मीटर उंच असा एक खांब तयार झाला. त्याचा पाण्याबाहेर आलेला माथा म्हणजे हे बेट. चालत वीस-पंचवीस मिनिटांत त्याला वळसा घालता येईल, पण किनाऱ्यापासून थोडेसे पोहत गेले की कडा सुटतो. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून खाली डोकावल्यावर पोटात जे होते, तेच येथे पाण्यात तरंगत असताना होते. पडत मात्र आपण नाही.

खुल्या समुद्रातले मोठे मासे आणि प्रवाळावरचे छोटे मासे या एकाच खांबापाशी भेटतात. बाराकुडा पॉइंट या जागी पट्ट्यापट्ट्यांच्या बाराकुडा माशांचा थवा गोल फिरत राहतो. मी खाली, सुमारे अठरा मीटरवर, खडकाआड प्रवाहापासून आडोसा धरून होतो. आधी पाणी राखाडी झाल्यासारखे वाटले. मग त्या राखाडीला डोळे दिसू लागले. हजारभर लांबट, रुपेरी मासे एका अदृश्य आसाभोवती वळत होते आणि वरचा प्रकाश त्या वर्तुळाच्या मधल्या भोकातून खाली येत होता. माझ्या सोबत्याने हवेचा काटा दाखवला तेव्हा मला भान आले.

पहाटेच्या डाइव्हला मोठ्या टेंगळाच्या कपाळाचे पोपटमासे कळपाने येतात. ते सव्वा मीटरपर्यंत लांब असतात. त्यांच्या चोचीने प्रवाळ फुटताना होणारा आवाज, कुणी शेजारी बसून कच्चा ऊस सोलावा तसा, पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. प्रवाळ चावून पचल्यावर त्यांच्या शरीरातून जी पांढरी वाळू पडते, तिच्यापासून येथले किनारे बनत आले आहेत. हिरवी समुद्री कासवे इतकी असतात की दुसऱ्या दिवशी आपण ती मोजणे सोडून देतो. कासवांची गुहा मात्र बाहेरूनच पाहावी. आत वाट चुकून मेलेल्या कासवांचे सांगाडे आहेत आणि गुहेचे वेगळे प्रशिक्षण नसलेल्या माणसाचेही तेथे तेच होऊ शकते.

परमिट मिळाले नाही तर प्रवास वाया जाईल का?

मुळीच नाही. माबुलच्या वाळूच्या उतारावर बोटाच्या पेराएवढ्या प्राण्यांचे जग आहे. बेडूकमासे, रंग बदलणारे कटलफिश, दुसऱ्या प्राण्यांची नक्कल करणारा ऑक्टोपस, तिन्हीसांजेला बाहेर येणारे मँडरिन मासे. सिपादानला दूर पाहावे लागते, माबुलला अगदी जवळ. अनेक जुने डायव्हर माबुललाच अधिक मानतात.

माबुलवर बाजाऊ लोकांच्या, पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या, वस्त्या आहेत. बाजाऊ लाऊत हे पिढ्यान्‌पिढ्या होड्यांमध्ये राहिलेले लोक. त्यांतल्या अनेकांकडे कोणत्याही देशाचे नागरिकत्व नाही, त्यामुळे त्यांची मुले सरकारी शाळेत जाऊ शकत नाहीत. लहान होडीतून मुले रिसॉर्टच्या धक्क्याखाली येतात. त्यांचे फोटो काढून चॉकलेट टाकणे थांबवावे, असे मला मनापासून वाटते. त्यांच्याकडून नारळ किंवा मासळी रास्त भावाने विकत घ्यावी, वस्तीत जायचे तर ओळखीच्या माणसाबरोबर जावे आणि कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी विचारावे.

ओरांगउटान नक्की दिसेल ना?

सेपिलोकला जवळजवळ नक्की दिसेल. किनाबातांगानला किंवा दानुमला दिसण्याची शक्यता चांगली आहे, पण खात्री कुणीही देऊ शकत नाही.

या दोन प्रकारच्या दर्शनांत फरक आहे आणि तो आधीच समजून घ्यावा. सेपिलोकचे केंद्र १९६४ मध्ये सुरू झाले. जंगलतोडीत किंवा अवैध पाळण्यात आई गमावलेली पिल्ले तेथे आणतात. रानात आई पिल्लाला सहा-सात वर्षे सांभाळते, त्या काळात ते चढणे, फळ ओळखणे, रात्रीसाठी फांद्यांचे घरटे बांधणे शिकते. हे सर्व शिकवून त्यांना सुमारे ४३ चौरस किलोमीटरच्या राखीव जंगलात सोडले जाते. सकाळी दहा आणि दुपारी तीन वाजता फलाटावर खाणे ठेवतात. ते मुद्दाम एकसुरी असते, कारण त्याला कंटाळून प्राण्यांनी रानातले अन्न शोधावे अशी अपेक्षा असते. म्हणून फलाटावर एकही ओरांगउटान आला नाही, तर तो दिवस केंद्राच्या दृष्टीने चांगला असतो.

मलय भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस आणि ‘हुतान’ म्हणजे रान. बोर्निओच्या या रानमाणसाची २०१६ पासून ‘अतिसंकटग्रस्त’ अशी नोंद आहे. आपली सर्दी त्याला होऊ शकते. खोकला असेल तर त्या दिवशी जाऊ नये.

शेजारीच सूर्य-अस्वलांचे केंद्र आहे, तेही चुकवू नये. रेनफॉरेस्ट डिस्कव्हरी सेंटरच्या उंच पुलावर संध्याकाळी थांबले, तर मोठी तांबडी उडती खार एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाताना दिसते.

किनाबातांगानला काय करायचे असते?

सुकाऊ किंवा बिलित गावात उतरून पहाटे, दुपारी आणि रात्री छोट्या बोटीतून फिरायचे असते. ५६० किलोमीटर लांबीची ही सबाहमधली सर्वांत लांब नदी. संध्याकाळी काठच्या झाडांवर लांब नाकाच्या माकडांचे कळप झोपायला येतात. मोठ्या नराचे नाक वरच्या ओठावरून खाली लोंबते आणि खाताना तो ते हाताने बाजूला सारतो. ही माकडे फक्त बोर्निओतच आढळतात. मलय लोक त्यांना ‘ओरांग बेलांदा’, म्हणजे डच माणूस, म्हणत आले आहेत.

बोर्निओचे हत्ती आकाराने लहान असून त्यांची संख्या हजाराच्या आसपास उरली आहे. २०२४ मध्ये त्यांची ‘संकटग्रस्त’ म्हणून स्वतंत्र नोंद झाली. मी तिसऱ्या फेरीत ते पाहिले: आधी वेताची झाडोरी हलली, मग एक सोंड पाण्याला लागली आणि नावाड्याने इंजिन बंद केल्यावर त्यांच्या चघळण्याचा आवाज बोटीपर्यंत आला. आदल्या दोन फेऱ्यांत हत्ती नव्हते. दोन रात्रींपेक्षा कमी मुक्काम का करू नये, याचे याहून चांगले कारण माझ्याजवळ नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. सांदाकानहून नदीकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तासन्‌तास पामतेलाचे मळे दिसतात. किनाबातांगानला प्राणी इतक्या सहज दिसतात, कारण काठावरची एक अरुंद पट्टीच त्यांना उरली आहे. २००५ मध्ये तेथे सुमारे २६,००० हेक्टरांचे अभयारण्य घोषित झाले, पण ते सलग नाही, तुकड्यातुकड्यांत आहे. सुमात्रा गेंडा याच राज्यात होता. मलेशियातली शेवटची मादी, इमान, नोव्हेंबर २०१९ मध्ये येथेच मरण पावली. नदीवर घालवलेल्या प्रत्येक रात्रीचे पैसे शक्य तर गावातल्या घरगुती निवासाला द्यावेत. जंगल उभे राहण्यात गावाचा लाभ असेल, तरच ते उभे राहील.

दानुम खोरे महाग आहे. वगळले तर?

पैसे किंवा दिवस कमी असतील तर वगळावे, हळहळ करू नये. पण जमत असेल तर वगळू नये. किनाबातांगानला जंगलाची कड दिसते, दानुमला त्याचा गाभा. ४३८ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात करवत कधी फिरलेली नाही. १०० मीटरहून उंच असलेले मेरांती जातीचे एक झाड येथेच मोजले गेले, उष्णकटिबंधातले ते सर्वांत उंच ज्ञात झाड आहे. मोठ्या लॉजपेक्षा संशोधन केंद्राची निवासव्यवस्था साधी आणि परवडणारी आहे. तेथे आगाऊ नोंदणी लागते आणि गाड्या लाहाद दातूहून ठरावीक दिवशीच सुटतात.

प्राणी येथे कमी दिसतात, झाडीच इतकी दाट आहे. रात्रीच्या फेरीत आपल्याकडच्या लाजवंती या निशाचर प्राण्याचा भाऊबंद असलेला स्लो लोरिस, उदमांजरे, फार नशीब असेल तर ढगाळ ठिपक्यांचा बिबट्या. पहाटे गिबनांची हाक मात्र रोज ऐकू येते.

जळवा, मलेरिया, लेप्टो यांचे काय?

पावसाळ्यात सह्याद्री चढणाऱ्याला जळवांची भीती नसावी. येथली एक जात जमिनीवर असते, दुसरी, पट्टेरी वाघजळू, कमरेएवढ्या पानांवर वाट पाहते आणि तिचा चावा जाणवतो. घट्ट विणीचे जळवांचे मोजे सेपिलोकला किंवा लॉजवर मिळतात. चावलेल्या जागा खाजवू नयेत, कारण उघड्या जखमा घेऊन चार दिवस खाऱ्या पाण्यात उतरले की त्या चिघळतात.

सबाहमध्ये माकडांकडून डासांमार्फत माणसाला होणारा, नोलेसी नावाचा मलेरिया आहे. प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारताना ‘मी डायव्हिंगही करणार आहे’ हे आवर्जून सांगावे. मेफ्लोक्विन या औषधाने चक्कर आणि मनःस्थितीतले बदल होऊ शकतात, म्हणून डायव्हरांसाठी ते टाळतात. डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हात लवकर भाजते आणि बोटीवर ऊन चुकवता येत नाही.

लेप्टो कोकणाला नवा नाही. २००० मध्ये सबाहमधील एका साहसी शर्यतीत सेगामा नदीत पोहलेल्या अनेक स्पर्धकांना तो झाला होता. नदीत पोहू नये. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती द्यावी.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

शहरांत होत नाहीत. तमिळ मुस्लिमांच्या खानावळींत रोटी चनाई आणि डाळ मिळते. गावांत आणि बेटांवर भात, अंडे, भाजी एवढेच असते, आणि त्या भाजीत बहुधा ‘बेलाचान’ हा सुकटीचा गोळा असतो. केवळ ‘भाजी’ म्हणजे ‘सायुर’ मागून भागत नाही. ‘तान्पा बेलाचान’, म्हणजे बेलाचानशिवाय, असे सांगावे. मी सोबत मेतकूट आणि चटणीची पुडी ठेवतो. गरम भातावर तेवढे पुरते.

पूर्व किनारा सुरक्षित आहे का?

एप्रिल २००० मध्ये सिपादानवरून एकवीस जणांचे अपहरण झाले होते, २०१३ मध्ये लाहाद दातूजवळ सशस्त्र घुसखोरी झाली. त्यानंतर या किनाऱ्यासाठी स्वतंत्र सुरक्षा यंत्रणा उभी राहिली, बेटांवर सैनिक असतात आणि रात्री समुद्रात अनेक वर्षे संचारबंदी होती. काही देशांची सरकारे अजूनही या भागाविषयी सावधगिरीच्या सूचना देतात. मला तेथे भीती वाटली नाही, परंतु निर्णय ज्याने त्याने ताजी परिस्थिती वाचून घ्यावा. प्रवास विम्यात हा भाग आणि ३० मीटरपर्यंतचे डायव्हिंग या दोन्ही गोष्टी समाविष्ट आहेत का, हे कागदावर तपासावे. वायूच्या बुडबुड्यांनी इजा झालेल्या डायव्हरवर जेथे उपचार होतात तो जवळचा दाबकक्ष कुठे आहे, हेही केंद्राला पहिल्याच दिवशी विचारावे. ज्या केंद्राला याचे उत्तर चटकन देता येत नाही तेथे मी डाइव्ह करणार नाही.

एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांना सबाहमध्ये सहसा त्रास होत नाही. वस्तीत फिरताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत.

सॅकमध्ये काय असावे?

चाळीस लिटरची सॅक पुरते. लवकर वाळणारे पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट, पातळ पावसाळी जॅकेट, डोक्याची विजेरी, दुर्बीण, पाणी न शिरणारी गुंडाळी पिशवी आणि ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी पिनांचा प्लग. जंगलात चिखलाच्या वाटांसाठी स्थानिक लोक वापरतात तो रबरी बूट सांदाकानच्या बाजारात स्वस्त मिळतो व पकड उत्तम असते. दुर्बिणीवर खर्च करावा, कॅमेऱ्यावर नंतर. डायव्हिंगच्या सामानापैकी फक्त स्वतःचा मास्क न्यावा, कारण चेहऱ्याला न बसणारा मास्क सारखा गळत राहतो. पाणी २६ ते ३० अंश असते, बाकी सर्व भाड्याने मिळते. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घालावा, प्रवाळाला तेच बरे.

पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे नाही?

बस, खानावळ आणि सामायिक खोली यांत वाचवावेत. सबाहमधला प्रवास आणि जेवण आपल्याला झेपण्यासारखे आहे. एकूण खर्चातला मोठा वाटा डायव्हिंगचा, त्याखालोखाल दानुमचा. डायव्हिंग केंद्र निवडताना स्वस्ताईचा विचार करू नये. एका प्रशिक्षकामागे किती डायव्हर आहेत, बोटीवर ऑक्सिजन आहे का आणि भाड्याचे रेग्युलेटर शेवटचे कधी दुरुस्त केले, एवढे तीन प्रश्न विचारावेत.

आई-वडिलांना किंवा मुलांना नेता येईल का?

सेपिलोक आणि किनाबातांगान सर्वांना जमते, बोटीतच बसायचे असते. दानुमच्या वाटा आई-वडिलांच्या गुडघ्यांना झेपतील असे नाही. मुलांना दहा वर्षांपासून ज्युनियर ओपन वॉटर करता येते. आम्ही डायव्हिंगला गेलो तेव्हा माझ्या आईने माबुलच्या धक्क्यावरून खाली पाहत दोन सकाळी काढल्या आणि तिला आमच्याइतकीच कासवे दिसली.

शेवटचा कोरडा दिवस सेम्पोर्नात कसा घालवावा?

बहुतेक जण तो खोलीत झोपून काढतात. सकाळी मासळीबाजार पाहावा, तेथे बाजाऊ बायका वाळवलेली समुद्री काकडी आणि मसाल्यासारखे दिसणारे समुद्री शेवाळ विकतात. नंतर गावाबाहेरच्या बुकित तेंगकोराक या टेकडीवर सावकाश जावे. ती उंचीने लहान आहे, पण आदल्या दिवशी डाइव्ह केली असेल तर धाप लागेल असे चढू नये. सुमारे ३,००० वर्षांपूर्वी येथे मातीची भांडी घडवली जात होती. उत्खननात त्यांच्या खापरांबरोबर काळ्या ज्वालामुखी काचेची पाती सापडली आणि ती काच न्यू ब्रिटन बेटावरची, म्हणजे हजारो किलोमीटर पूर्वेकडची निघाली. माथ्यावरून ते सर्व पाणी दिसते ज्यावरून ती काच होड्यांतून आली, आणि हवा स्वच्छ असेल तर आपण आदल्या दिवशी ज्या बेटांभोवती उतरलो होतो ती बेटेही.